निरोगी वासरू, आजारी माणूस : हृदयसाहाय्यक पंपाच्या प्राणिचाचण्यांचा आढावा

फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त महाधमनीत ढकलण्याचे काम हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचे, म्हणजे डाव्या निलयाचे असते. हे काम त्याला झेपेनासे झाले की काही काळ औषधांवर निभावते. त्यानंतर हृदयप्रत्यारोपण किंवा यांत्रिक पंप असे दोनच मार्ग उरतात. छातीत बसवायचा हा पंप निलयाच्या टोकातून रक्त ओढून घेतो आणि कृत्रिम नळीवाटे महाधमनीत सोडतो. त्याला वीज पुरवणारी केबल पोटाच्या त्वचेतून बाहेर काढलेली असते व ती रुग्णाच्या कमरेला बांधलेल्या नियंत्रकाला आणि बॅटऱ्यांना जोडलेली असते. माणसात बसवण्यापूर्वी असा पंप एखाद्या मोठ्या प्राण्यात बसवून पाहायचा, ही पद्धत साठ-सत्तर वर्षे चालत आली आहे. या चाचण्यांतून नेमके काय सिद्ध होते, काय होत नाही आणि भारतात तयार होऊ घातलेल्या पंपांच्या बाबतीत त्यांच्याकडून कशाची अपेक्षा धरावी, हा प्रस्तुत आढाव्याचा विषय आहे. प्राणिचाचणी पंपाबद्दल पुष्कळ सांगते आणि आजाराबद्दल फार थोडे, ही गोष्ट तत्त्वतः सर्वांना मान्य असली, तरी चाचणीचा निकाल जाहीर करताना ती हमखास विसरली जाते.

या मर्यादेचा महाराष्ट्रातला सर्वांत बोलका दाखला पंपाचा नसून प्रत्यारोपणाचा आहे. परळचे केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय येथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत हृदयशस्त्रक्रियेची जी परंपरा उभी केली, तिचा पाया कुत्र्यांवरील प्रयोगांत होता. सेन, तेहेम्टन उदवाडिया, जी. बी. परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेले एक संशोधन आजही उद्धृत केले जाते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयस्नायूला बरेचसे रक्त थेट हृदयाच्या पोकळीतून मिळते. तेव्हा कुत्र्याच्या निलयाची भिंत सुईने टोचून तशाच वाटा पाडल्या, तर रोहिणी तुंबलेल्या स्नायूला रक्त मिळेल काय, असा प्रश्न या मंडळींनी हाती घेतला होता. पुढे पाश्चात्त्य देशांत सुईच्या जागी लेसर आला, मूळ कल्पना तीच राहिली. या प्रयोगशाळेत प्रत्यारोपणाचा सरावही कुत्र्यांवर झाला होता. त्यामुळे डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण झाल्यावर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळला भारतातले पहिले प्रत्यारोपण होऊ शकले. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या दुसऱ्या प्रयत्नातला रुग्णही एक दिवस पुरा करू शकला नाही.

पहिल्या मृत्यूचे कारण म्हणून फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा वाढलेला रोध सांगितला गेला. डावे निलय वर्षानुवर्षे थकलेले असले की त्याच्या मागे रक्त साचते, फुप्फुसांतला दाब चढतो आणि तिथल्या रक्तवाहिन्या हळूहळू जाड व ताठर होतात. रुग्णाचे स्वतःचे उजवे निलय या वाढत्या दाबाला सरावते. दात्याच्या निरोगी हृदयाचे उजवे निलय मात्र अशा दाबाशी एकदम सामना करू शकत नाही. ज्या कुत्र्यांवर सराव झाला त्यांना हा आजारच नव्हता. टाके, भूल, हृदय-फुप्फुस यंत्र, शल्यविशारदांचे हात यांपैकी ज्याची परीक्षा कुत्र्यांवर झाली होती ते सारे टेबलावर उपयोगी पडले, आणि जे कुत्र्यात नव्हतेच त्याने घात केला. हृदयसाहाय्यक पंपाच्या प्राणिचाचण्यांचा पुढचा सगळा इतिहास वाचताना परळची ही घटना नजरेसमोर ठेवण्यासारखी आहे.

तो इतिहास इथे थोडक्यात पुरे. सोव्हिएत रशियात व्लादिमीर देमिखोव्ह यांनी १९३७ मध्ये कुत्र्याच्या छातीत यांत्रिक हृदय बसवून काही तास रक्ताभिसरण चालवले. विलेम कोल्फ आणि तेत्सुझो आकुत्सू यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे कृत्रिम हृदयावर एक कुत्रा सुमारे दीड तास जगवला. १९६९ मध्ये ह्यूस्टनला डेंटन कूली यांनी एका रुग्णात कृत्रिम हृदय बसवले तेव्हा तेच यंत्र बसवलेले एकही वासरू दोन दिवसांपलीकडे गेलेले नव्हते. यावरून उठलेल्या वादात प्राणिचाचणी किती झाली म्हणजे पुरेशी, हा प्रश्न पहिल्यांदा चव्हाट्यावर आला. त्यानंतरच्या दोन दशकांत वासरे आठवडे, मग महिने जगू लागली आणि पुढे जपानमध्ये शेळ्यांनी वर्षाचीही मर्यादा ओलांडली.

प्राणी कोणता निवडावा, हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा साधा नाही. प्रौढ माणसासाठी केलेला पंप मिनिटाला चार-पाच लिटर रक्त वाहून नेतो; तेवढे रक्त ज्याच्या शरीरात खेळते आणि ज्याच्या छातीत तो पंप मावतो असाच प्राणी हवा. सत्तर ते शंभर किलोचे वासरू या हिशेबात चपखल बसते, म्हणून अमेरिकेतल्या बहुतेक प्रयोगशाळांनी तेच पत्करले. पण वासरू वाढत असते. तीन महिन्यांत त्याचे वजन इतके चढते की पहिल्या दिवशी सैल वाटणारी नळी शेवटी ताणली जाते आणि पुरेसा असलेला प्रवाह अपुरा पडू लागतो. प्रौढ मेंढीचे वजन स्थिर राहते, ती शांत असते व उभी राहून दिवस काढते. दीर्घ चाचणीला ती सोयीची. तिचे रक्त मात्र माणसाच्या रक्ताशी जुळत नाही. माणसाच्या तांबड्या पेशीचा व्यास सात ते आठ मायक्रोमीटर असतो, मेंढीच्या पेशीचा जेमतेम साडेचार आणि शेळीच्या पेशीचा तीनच्या आसपास. गुठळी धरण्याचे काम करणाऱ्या प्लेटलेट्सचा स्वभावही निराळा. डुकराच्या हृदयाची घडण आणि रोहिण्यांची मांडणी माणसाशी सर्वांत जास्त मिळतीजुळती आहे, परंतु त्याचे हृदय हाताळणी सहन करत नाही, ठोके चटकन बिघडतात, ऊती नाजूक असतात आणि प्राणी वासरापेक्षाही झपाट्याने वाढतो. कुत्रा आता या क्षेत्रातून जवळजवळ बाहेर गेला आहे. लोकभावना हे त्याचे एक कारण; दुसरे असे की कुत्र्याच्या हृदयात रोहिण्यांना जोडणाऱ्या आडवाटा भरपूर असल्याने एखादी रोहिणी तुंबली तरी स्नायू तग धरतो, आणि त्यामुळे निष्कर्ष फसवे निघू शकतात. एका प्राण्यात पंप बसला म्हणजे तो माणसात बसेल असे मानणे त्यामुळे धाडसाचे ठरते. दोन वेगळ्या जातींत पाहिल्यावर काही म्हणता येते.

प्रत्यक्ष चाचणी कशी होते हे जवळून पाहिले की तिची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही कळतात. वासरू रवंथ करणारे असल्याने त्याला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवावे लागते. भूल दिल्यावर कोठीपोटात साठणारा वायू बाहेर पडावा म्हणून तोंडातून जाड नळी घालावी लागते, नाहीतर पोट फुगून फुप्फुसांवर दाब येतो आणि शस्त्रक्रिया उत्तम होऊनही जनावर हातचे जाते. माणसाची छाती बहुधा मधोमध, उरोस्थी कापून उघडतात. वासराची छाती डाव्या बाजूने, बरगड्यांच्या फटीतून उघडावी लागते. परिणामी पंपातून येणारी नळी माणसात महाधमनीच्या वर चढणाऱ्या भागाला, तर वासरात पाठीलगत खाली उतरणाऱ्या भागाला जोडली जाते. हा फरक किरकोळ नव्हे. पंपात गुठळी तयार होऊन सुटली, तर माणसात ती मेंदूकडे जाण्याची भीती असते, वासरात ती बहुधा खाली मूत्रपिंडांकडे जाते. म्हणून चाचणी संपल्यावर शवविच्छेदनात सर्वांत आधी मूत्रपिंडांचे पातळ काप करून त्यांत पाचरीच्या आकाराचे फिकट डाग आहेत का ते पाहिले जाते. वासरात मूत्रपिंडाला पडलेला डाग माणसात पक्षाघाताचा झटका ठरू शकतो, हे लक्षात ठेवूनच तो अहवाल वाचावा लागतो. मग पंप खोलला जातो आणि फिरत्या पंख्याच्या आसाभोवती, जिथे रक्ताचा प्रवाह मंदावतो तिथे, फायब्रिनचे कडे धरले आहे काय हे भिंगाखाली तपासले जाते.

जिवंतपणी घेतले जाणारे सर्वांत महत्त्वाचे माप रक्तविलयनाचे, म्हणजे तांबड्या पेशी फुटून त्यांतले हिमोग्लोबिन रक्तद्रवात उतरण्याचे. नमुना फिरवून पेशी खाली बसवल्या की वरचा द्रव पिवळसर राहायला हवा. तो गुलाबी दिसला की पंप पेशी चिरडतो आहे हे उघड्या डोळ्यांनाही समजते. मानवी रुग्णांच्या नोंदींत अनेक वर्षे डेसिलिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या वरची पातळी धोक्याची मानली जात होती. प्राणिचाचणीने आपले मोल सर्वाधिक सिद्ध केले ते याच ठिकाणी. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पंख्यातून रक्त नेले तर पेशींचा चुराडा होणार, असे १९८० पर्यंत बहुतेक तज्ज्ञांचे मत होते. इजिप्तमध्ये नदीचे पाणी वर चढवणारा मळसूत्री पंप पाहून रिचर्ड वॉम्पलर यांना रक्तासाठी तसा बारीक पंप करण्याची कल्पना सुचली, आणि प्राण्यांत तो चालवल्यावर पेशी अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी फुटतात असे दिसून आले. रक्त पंख्याजवळून इतक्या थोड्या काळात निसटते की पेशींना इजा होण्यास वेळच मिळत नाही. १९८८ मध्ये तो पंप माणसात वापरला गेला. नाडीशिवाय सस्तन प्राणी जगू शकतो काय, या दुसऱ्या मूलभूत प्रश्नाचे उत्तरही वासरांनीच दिले. अखंड प्रवाहाच्या पंपांवर ती महिनोन्‌महिने चरत, उभी राहत, वाढत राहिली, आणि म्हणूनच ‘हार्टमेट २’ सारखा पंप २००० मध्ये माणसात बसवण्याचे धैर्य झाले. अलीकडचे उदाहरण ‘बायव्हॅकॉर’चे : चुंबकाने अधांतरी धरलेला एकच फिरता भाग असलेले हे कृत्रिम हृदय वासरांत नव्वद दिवसांपर्यंत चालवून पाहिल्यानंतर जुलै २०२४ मध्ये ह्यूस्टनला पहिल्यांदा माणसात बसवले गेले.

एवढे श्रेय दिल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी. चाचणीतल्या वासराचे हृदय धडधाकट असते. पंप बंद पडला तरी ते स्वतःच्या बळावर उभे राहते. माणसात पंप बंद पडणे म्हणजे बहुधा मृत्यू. पंपाने डावी बाजू मोकळी केली की उजव्या निलयाकडे जास्त रक्त येते आणि ते आधीच कमकुवत असेल तर कोसळते. पंप बसवलेल्या रुग्णांतला हा एक नित्याचा आणि गंभीर उपद्रव आहे, पण निरोगी वासराचे उजवे निलय हा भार सहज उचलते, म्हणून तो चाचणीत दिसतच नाही. परळच्या टेबलावर जे घडले त्याच जातीची ही उणीव आहे. मेंढ्यांच्या रोहिण्यांत बारीक कण सोडून किंवा हृदयाचे ठोके आठवडेच्या आठवडे वेगाने चालवून कृत्रिमरीत्या हृदय निकामी करण्याच्या पद्धती आहेत, मात्र असा प्राणी दीर्घ चाचणीत टिकवणे कठीण जाते आणि नियामकांपुढे ठेवायच्या मुख्य चाचण्या अजूनही बहुतांशी निरोगी जनावरांवरच होतात.

वेळेची अडचण त्याहून मोठी. सर्वसाधारण दीर्घ चाचणी साठ ते नव्वद दिवसांची, जनावरे आठ-दहा. ज्या दोषाने शंभरात पाच रुग्ण दगावतील तो दोष आठ जनावरांत एकदाही न दिसण्याची शक्यता दिसण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त आहे, हे साधे गणित आहे. ‘हार्टमेट २’ च्या रुग्णांत पंपात गुठळी होण्याचे प्रमाण, पंप बसवल्यापासून तीन महिन्यांच्या आत, २.२ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर गेल्याचे अमेरिकेतील तीन केंद्रांनी २०१४ मध्ये जाहीर केले. तोवर तो पंप हजारो माणसांत बसलेला होता. अखंड प्रवाहात रक्तातले व्हॉन विलेब्रँड प्रथिन तुटून आतड्यांतून रक्तस्राव होतो, हेही प्रथम रुग्णांत लक्षात आले आणि त्यानंतर वासरांत शोधले गेले, म्हणजे क्रम उलटा झाला. मेडट्रॉनिक कंपनीने ‘एचव्हॅड’ या पंपाची विक्री जून २०२१ मध्ये थांबवली ती मेंदूविषयक उपद्रवांचे प्रमाण आणि बंद पडलेला पंप पुन्हा सुरू न होण्याचा दोष यांमुळे. त्याआधी त्या पंपाच्या प्राणिचाचण्या रीतसर पार पडलेल्या होत्या. यावरून प्राणिचाचण्या निरर्थक ठरत नाहीत. त्या नापास करण्याचे साधन आहेत, पास झाल्याचा दाखला देण्याचे नव्हेत, एवढाच त्याचा अर्थ.

भारतातली या क्षेत्राची परंपरा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेपासून सुरू होते. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिथे तयार झालेली हृदयाची कृत्रिम झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णात बसवली गेली. त्यापूर्वी तिचे एकामागून एक नमुने बाद झाले होते. कधी धातूने, कधी तबकडीच्या पदार्थाने दगा दिला आणि शेवटी कोबाल्टप्रधान मिश्रधातूची चौकट व पॉलिएथिलीनची तबकडी यांवर काम स्थिरावले. मेंढ्यांवरील चाचण्या या प्रवासाचा अविभाज्य भाग होत्या. बाद झालेल्या नमुन्यांची हकीकत वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लपवली नाही, ही त्या प्रकल्पाची सर्वांत अनुकरणीय बाब म्हटली पाहिजे. पुढे इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने याच संस्थेच्या सहकार्याने सुमारे शंभर ग्रॅम वजनाचा, मिनिटाला तीन ते पाच लिटर रक्त वाहणारा, टायटॅनियम मिश्रधातूचा हृदयसाहाय्यक पंप बनवला आणि तो डुकरांत काही तास चालवून पाहिला. अशाच पंपासाठीचा आयआयटी कानपूरचा ‘हृदयंत्र’ प्रकल्प या दशकात सुरू झाला. संस्थेचे तेव्हाचे संचालक अभय करंदीकर यांनी डिसेंबर २०२२ मध्ये प्राणिचाचण्या लवकरच सुरू होतील असे जाहीर केले होते.

वृत्तपत्रांतून अशा बातम्या येतात तेव्हा ‘प्राण्यांवरील चाचणी यशस्वी’ एवढेच शब्द असतात. चाचणी भुलेखाली काही तासांची होती की जनावर शुद्धीवर येऊन महिनाभर वावरले, हा भेद त्यांत हरवतो. तासांच्या चाचणीत पंप बसतो, फिरतो आणि प्रवाह देतो एवढे कळते. गुठळी, जंतुसंसर्ग व झीज यांबद्दल ती काहीही सांगू शकत नाही. दोन्हींना एकच शब्द वापरणे ही वाचकाची फसवणूक आहे, मग ती हेतुपुरस्सर नसली तरी.

कायद्याची चौकट इथे पुरेशी स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा, प्रयोगांसंबंधीचे नियम १९९८ चे. प्रत्येक संस्थेत प्राणी-नीतिसमिती असावी लागते आणि मोठ्या प्राण्यांवरील प्रयोगांना केंद्रीय समितीची संमती घ्यावी लागते. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार असा पंप सर्वाधिक जोखमीच्या ‘ड’ वर्गात पडतो. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांपर्यंत विस्तारलेली गोवंशहत्याबंदी आणि गोवंशाविषयीची लोकभावना पाहता वासराऐवजी मेंढी किंवा डुक्कर हाच भारतीय प्रयोगशाळांचा व्यवहार्य पर्याय राहणार. म्हणजे परदेशातील वासरांच्या निष्कर्षांशी थेट तुलना करता येणार नाही, आणि आपले मापदंड आपल्यालाच ठरवावे लागतील.

हे मापदंड कोणासाठी ठरवायचे, याचा विचार नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटसारख्या गावावरून करून पाहावा. पंप बसवलेल्या माणसाला आयुष्यभर रक्त पातळ ठेवण्याची गोळी घ्यावी लागते आणि तिची मात्रा ठरवण्यासाठी वारंवार रक्त तपासावे लागते. बॅटऱ्या रोज भाराव्या लागतात, केबल जिथे त्वचेतून बाहेर येते ती जागा कोरडी व निर्जंतुक ठेवावी लागते. शेतात राबणाऱ्याच्या अंगावर, पावसाळ्यात, भारनियमनात हे कसे निभावेल याचे उत्तर गोठ्यात चोवीस तास देखरेखीखाली असलेले कोणतेही जनावर देऊ शकत नाही. केबलचे आवरण आणि बॅटरीची क्षमता यांची परीक्षा धुळीत, घामात व चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात वेगळी घ्यावी लागेल, आणि त्यासाठी प्राण्याची गरज नाही.

याहून नेमका प्रश्न रक्ताचा आहे. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या आनुवंशिक बदलामुळे तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होण्याचा दोष, लक्षणीय प्रमाणात आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ज्यांच्यात हा दोष एकाच पालकाकडून आलेला असतो ते वाहक सहसा निरोगी असतात आणि त्यांना साठीत इतर कोणाप्रमाणेच हृदयविकार होऊ शकतो. फिरत्या पंख्याजवळच्या ताणाखाली त्यांच्या पेशी कशा वागतात, हे मेंढीच्या, डुकराच्या वा वासराच्या रक्तावरून कळणार नाही. रक्तविलयनाची प्रयोगशाळेतली प्रमाणित चाचणी मात्र हे सांगू शकते. तिच्यात नळ्यांच्या बंद चक्रात सुमारे ४५० मिलिलिटर रक्त घेऊन ते ३७ अंश तापमानाला, मिनिटाला पाच लिटर प्रवाहाने आणि पाऱ्याच्या शंभर मिलिमीटर दाबाविरुद्ध, सहा तास पंपातून फिरवतात. एवढे रक्त एका रक्तपिशवीत मावते. भारतीय पंपाच्या मानवी चाचण्यांना परवानगी देण्यापूर्वी औषध नियामकांनी वाहक दात्यांच्या, त्यांच्या संमतीने घेतलेल्या रक्तावर ही चाचणी सक्तीची करावी, आणि प्राणिचाचण्यांचे अहवाल मेलेल्या जनावरांच्या शवविच्छेदनासह पूर्णपणे प्रसिद्ध करण्याची अट घालावी.